रिपोर्ट ‘नॉर्मल’, पण त्यातली एक ओळ कुणी सांगत नाही

लातूरचा औसा रोड असो की नांदेडची डॉक्टर लेन, एक दृश्य तिथे नेहमीचे आहे. उदगीर, निलंगा, मुखेड किंवा लोह्याहून सकाळच्या एसटीने आलेली पंचेचाळीस-पन्नाशीची बाई, सोबत मुलगा किंवा जाऊ आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली फाईल. मॅमोग्राफी झालेली असते आणि रिपोर्ट इंग्रजीत असतो.

‘‘काय निघालं वो डॉक्टर?’’

‘‘काही नाही मावशी. सगळं नॉर्मल आहे.’’

मावशी हात जोडतात आणि परतीची गाडी गाठतात. फाईल घरातल्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली जाऊन बसते. डॉक्टर खोटे बोललेले नसतात. पण त्या रिपोर्टमध्ये बहुधा सुरुवातीलाच एक ओळ असते, ती मावशींना कुणी वाचून दाखवलेली नसते. ‘एसीआर टाइप सी’ किंवा ‘हेटेरोजिनियसली डेन्स’ असे काहीतरी त्या ओळीत लिहिलेले असते. ती ओळ स्तनांच्या घनतेबद्दल असते. ‘नॉर्मल’ या शब्दावर किती विसंबायचे, हे त्या ओळीवरून ठरते.

आकडा वेगळा, अक्षर वेगळे

मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या खुणा असतात आणि त्यांची गल्लत हमखास होते. पहिली खूण म्हणजे आकडा. त्याला ‘बाय-रॅड्स’ म्हणतात. शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी. १ म्हणजे काही आढळले नाही. २ म्हणजे जे दिसते ते साधे आहे, कॅन्सरचे नाही. ३ म्हणजे बहुतेक साधेच, पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ आणि ५ म्हणजे संशय आहे, सुईने तुकडा काढून तपासायचा. ६ म्हणजे निदान आधीच झालेले आहे. हा आकडा कॅन्सरची ‘स्टेज’ सांगत नाही. तरीही ‘४’ पाहून ‘चौथी स्टेज’ समजून घरात रडारड होऊ शकते.

दुसरी खूण म्हणजे अक्षर: ए, बी, सी किंवा डी. हे अक्षर रोगाचे नसून स्तनांच्या जडणघडणीचे आहे. ‘ए’ म्हणजे स्तनात जवळजवळ सगळी चरबी, ‘बी’ म्हणजे चरबीत विखुरलेल्या दाट ऊती. ‘सी’ म्हणजे बराचसा भाग दाट, त्यामुळे लहान गाठ झाकली जाऊ शकते. ‘डी’ म्हणजे अतिशय दाट, तिथे मॅमोग्राफीची नजर आणखी कमी पडते. ‘सी’ आणि ‘डी’ या दोन गटांना मिळून ‘डेन्स’ म्हणजे दाट म्हणतात. ‘सी’ म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. पाश्चात्त्य देशांत तपासणीला येणाऱ्या चाळिशीपुढील स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या या दोन गटांत मोडतात. म्हणजे दाट स्तन असणे हा आजार नाही. कुणाचे केस दाट असतात, कुणाचे विरळ, तसाच हा प्रकार आहे.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ही घनता हाताला कळत नाही. स्तन टणक लागला म्हणून तो दाट आणि मऊ लागला म्हणून विरळ असे नसते. ती फक्त मॅमोग्राफीच्या चित्रात दिसते. त्यामुळे रिपोर्ट वाचणाऱ्याने सांगितले नाही, तर स्त्रीला ती कळायला दुसरा मार्ग नाही.

काळ्या मातीवरचा दाणा

स्तनात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक चरबी आणि दुसरी दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, नलिका व त्यांना आधार देणारे तंतू. क्ष-किरण चरबीतून सहज पार होतात, त्यामुळे चित्रात चरबी काळपट दिसते. ग्रंथी आणि तंतू क्ष-किरण अडवतात, म्हणून ते पांढरे दिसतात. अडचण अशी की कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते.

मराठवाड्यातल्या कुणालाही हे चटकन कळेल. काळ्या रानात पडलेला ज्वारीचा दाणा लांबूनही दिसतो. तोच दाणा कापसाच्या गंजीत पडला, तर शोधून सापडत नाही. दाणा तोच असतो, डोळेही तेच असतात, फरक मागच्या रंगाचा असतो.

हा फरक किती मोठा, हे अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मोजले गेले. स्तनात जवळपास सगळी चरबी असलेल्या स्त्रियांमध्ये मॅमोग्राफीने १०० पैकी ८७ कॅन्सर पकडले. अतिशय दाट स्तन असलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ६३ वर आले. तो काळ फिल्मवरच्या मॅमोग्राफीचा होता. आजच्या डिजिटल यंत्रांनी आणि अनेक कोनांतून थर-थर चित्र घेणाऱ्या ‘थ्री-डी’ मॅमोग्राफीने परिस्थिती सुधारली आहे, पण अडचण पूर्ण संपलेली नाही.

दुसरी बाब धोक्याची. दाट ऊती गाठ झाकतात, शिवाय त्या असलेल्या स्त्रियांना कॅन्सर होण्याची शक्यताही थोडी जास्त असते. हा संबंध अमेरिकेतील डॉ. जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्येच मांडला होता. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बॉइड यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की, तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग दाट असलेल्या स्त्रियांमध्ये धोका हा जवळपास सगळी चरबी असलेल्यांच्या तुलनेत चौपटीहून अधिक असतो. मात्र ही तुलना दोन टोकांची आहे. सरासरी स्त्रीशी तुलना केली तर अतिदाट गटाचा धोका साधारण दुप्पट भरतो. दाट स्तन असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना आयुष्यात कधीही स्तनाचा कॅन्सर होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

घनता कायम राहत नाही. तरुणपणी ती जास्त असते आणि पाळी गेल्यावर बहुतेकींमध्ये कमी होत जाते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ती वाढते. पाळी गेल्यानंतर काही जणी घेतात त्या हार्मोनच्या गोळ्यांनीही ती वाढते. अंगाने बारीक असलेल्या स्त्रियांमध्ये ती बहुधा जास्त असते, कारण स्तनात चरबीच कमी असते. भारताच्या दृष्टीने यातला वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी, म्हणजे पन्नाशीच्या आसपास गाठतो. ज्या वयात स्तन अजून दाट असतात, त्याच वयात आपल्याकडच्या अनेकींना मॅमोग्राफीची गरज पडते.

एका शिक्षिकेने बदललेला कायदा

‘सांगितले असते तर?’ हा प्रश्न जगापुढे आणला तो अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील नॅन्सी कॅपेलो यांनी. त्या शिक्षण क्षेत्रात काम करत. दरवर्षी न चुकता मॅमोग्राफी करून घेत आणि दरवर्षी रिपोर्ट नॉर्मल येई. २००४ मध्ये असाच नॉर्मल रिपोर्ट आल्यावर काही आठवड्यांतच डॉक्टरांच्या हाताला स्तनात काहीतरी लागले. पुन्हा मॅमोग्राफी झाली, त्यात काही दिसले नाही. त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत मात्र अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली. आजार काखेतल्या १३ गाठींपर्यंत पोहोचला होता. तुमचे स्तन दाट आहेत आणि त्यामुळे मॅमोग्राफीला मर्यादा आहेत, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणीही सांगितले नव्हते. डॉक्टरांच्या नोंदीत ते लिहिलेले होते, फक्त त्यांच्यापर्यंत आले नव्हते.

कॅपेलो यांनी आमदारांचे उंबरे झिजवले. २००९ मध्ये कनेक्टिकट हे स्त्रियांना घनतेची माहिती देणे बंधनकारक करणारे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. त्यानंतर एकेक राज्य त्या वाटेने गेले. कॅपेलो २०१८ मध्ये वारल्या. १० सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम देशभर लागू झाला. मॅमोग्राफी झालेल्या प्रत्येक स्त्रीला साध्या भाषेत पत्र द्यायचे आणि त्यात स्तन दाट आहेत की नाहीत हे लिहायचे. दाट असतील तर मॅमोग्राफीत कॅन्सर दिसणे अवघड जाते, धोकाही वाढतो आणि पुढे काय करायचे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, हेही त्यात सांगायचे. युरोपातील स्तन-प्रतिमा तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ मध्ये स्त्रियांना ही माहिती द्यावी अशी शिफारस केली. भारतात असा नियम अद्याप नाही. आपल्याकडे घनता रिपोर्टमध्ये लिहिली जाते, पण ती डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेली असते.

सांगितल्यावर पुढे काय?

इथे मतभेद आहेत. नुसते ‘तुमचे स्तन दाट आहेत’ असे पत्र हातात देऊन बाईला घरी पाठवले, तर तिने करायचे काय? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात यावर चाचणी झाली. ज्यांना घनतेची माहिती कळवली, त्यांच्यात चिंता आणि गोंधळ जास्त आढळला आणि डॉक्टरांकडे जाण्याचा कलही वाढला. पुढची वाट न दाखवता दिलेली माहिती म्हणजे नवी काळजीच ठरते.

पुढच्या तपासण्यांचा पुरावा मात्र हळूहळू गोळा होत आहे. नेदरलँड्समध्ये अतिदाट स्तन असलेल्या ५० ते ७५ वयाच्या स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. मॅमोग्राफी नॉर्मल आल्यावर काहींना एमआरआयसाठीही बोलावण्यात आले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उद्भवणाऱ्या कॅन्सरचे प्रमाण फक्त मॅमोग्राफी झालेल्यांमध्ये हजारी ५ होते, एमआरआयला बोलावलेल्यांमध्ये ते हजारी २.५ वर आले. त्याची किंमतही होती. पहिल्या फेरीत एमआरआय झालेल्या दर हजारांत सुमारे ८० जणींच्या मनात ‘काहीतरी आहे’ अशी शंका निर्माण झाली आणि नंतर ती खोटी ठरली.

नांदेड-लातूरसाठी जास्त जवळचा आहे तो जपानचा अनुभव. तिथे ४० ते ४९ वयाच्या जवळपास ७३ हजार स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची फक्त मॅमोग्राफी झाली, दुसऱ्याची मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफीही. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पहिल्या गटात १०० पैकी ७७ कॅन्सर पकडले गेले, तर दुसऱ्या गटात ९१. इथेही खोट्या शंकांचे प्रमाण थोडे वाढले. शिवाय त्यामुळे मृत्यू किती कमी होतात, हे ठरायला अजून वेळ आहे. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२४ मध्ये दाट स्तनांसाठी जादा तपासणी सरसकट करा किंवा करू नका, यांपैकी काहीही सांगायला पुरेसा पुरावा नाही, असे म्हटले.

एमआरआय यंत्र आता जिल्ह्याच्या गावी मिळते. पण स्तनाच्या एमआरआयसाठी वेगळी कॉइल लागते आणि ती चित्रे वाचायचा सराव असलेला रेडिओलॉजिस्ट लागतो. खर्चही मोठा असतो. सोनोग्राफी मात्र तालुक्याच्या ठिकाणीही होते. ती पाहणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर बरीच अवलंबून असते. पण दाट ऊतींत लपलेली गाठ दाखवण्यासाठी ते आपल्याकडचे सर्वात आवाक्यातले साधन आहे. म्हणून दाट स्तन असलेल्या प्रत्येकीने एमआरआयसाठी हैदराबाद-पुणे गाठायची गरज नाही. वय, घरातला इतिहास, हाताला काही लागते का आणि घनतेचे अक्षर हे चारही एकत्र पाहून डॉक्टरांनी तिच्याशी बोलणे आधी गरजेचे आहे.

मॅमोग्राफीपर्यंत पोहोचतेच कोण?

हा सगळा विचार मॅमोग्राफी झालेल्या स्त्रीचा झाला. मराठवाड्यातल्या बहुतेक बायकांनी ते यंत्र पाहिलेलेही नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर होतो आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने दगावतात. स्त्रियांच्या कॅन्सरमध्ये त्याचा पहिला क्रमांक आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनांची तपासणी कधी तरी करून घेतलेल्या फक्त ०.९ टक्के होत्या. हजारात नऊ.

सरकारी कार्यक्रमात मॅमोग्राफी पहिली पायरी नाही. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने तपासणी करायची असते. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येते का, स्तनाच्या आकारात बदल झाला का, असे प्रश्न असतात. उत्तर ‘हो’ आले की पुढे पाठवायचे.

हाताच्या तपासणीला महाराष्ट्रातलाच आधार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत हाताने तपासणी केली. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत तसा फायदा दिसला नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. हाताला गाठ लागते, म्हणून बाई जिल्ह्याला येते. मॅमोग्राफी होते. स्तन दाट असल्याने चित्रात काही दिसत नाही. रिपोर्टवर ‘१’ पडतो. ‘‘नॉर्मल आहे’’ ऐकून ती घरी जाते आणि गाठ तिथेच राहते. खरा धोका या प्रसंगात आहे. हाताला लागणाऱ्या कॅन्सरच्या गाठींपैकीही काही मॅमोग्राफीत दिसत नाहीत. म्हणून वैद्यकाचा जुना नियम आहे: हाताने तपासणी, चित्र आणि गरज पडल्यास सुईने तुकडा, या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला पाहिजे. गाठ हाताला लागत असेल आणि मॅमोग्राफी नॉर्मल असेल, तर तपास संपत नाही. सोनोग्राफी करायची आणि तरीही शंका राहिली तर बायोप्सी. बायोप्सीने ‘कॅन्सर पसरतो’ हा समज चुकीचा आहे.

बार्शीने शिकवलेला धडा

गावाकडच्या बायकांना एवढे सांगून काय उपयोग, असे म्हणणारे भेटतात. त्याचे उत्तर लातूरहून शंभरेक किलोमीटरवर आहे. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय लातूर, धाराशिव, बीडकडच्या असंख्य कुटुंबांना माहीत आहे. तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे त्यात होती.

गावात दवाखाना नाही, बाई आजार अंगावर काढते आणि नोंद कुठेच होत नाही, अशा परिस्थितीत कार्यालयात बसून नोंदणी शक्य नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. चावडीवर, देवळात, शाळेत बायका-पुरुषांना जमवून कॅन्सरची लक्षणे समजावून सांगितली. संशय असेल त्यांना बार्शीला यायला सांगितले. तपासणीची यंत्रे गावात नव्हती. होती ती माहिती, तीही त्यांच्या भाषेत आणि ‘इथे या’ असा पत्ता देणारी. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याचा परिणाम मांडला. या गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे निदान लवकरच्या टप्प्यावर होण्याचे प्रमाण वाढले होते.

तो अनुभव दुसऱ्या कॅन्सरचा आहे. पण त्यातली गोष्ट इथेही लागू पडते. बाईला समजेल अशा भाषेत सांगितले आणि पुढे कुठे जायचे ते सांगितले, तर ती येते. घनतेची माहितीही अशीच द्यायला हवी: एक वाक्य अर्थाचे आणि एक वाक्य पुढच्या वाटेचे.

सांगायचे कसे?

त्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजाराची आणि तपासण्यांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणे हा पहिलाच हक्क आहे. रिपोर्टच्या प्रती मिळणे हाही हक्क आहे. मॅमोग्राफी केंद्राने इंग्रजी रिपोर्टला मराठीतली चार ओळींची चिठ्ठी जोडली, तरी पुरे. ती साधारण अशी असू शकते:

‘तुमच्या मॅमोग्राफीत आज काळजीचे काही दिसले नाही. तुमचे स्तन दाट आहेत. हा आजार नाही, अनेक बायकांचे असतात. पण त्यामुळे लहान गाठ चित्रात झाकली जाऊ शकते. म्हणून सोनोग्राफी हवी का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच या.’

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना हेच तोंडी सांगायला मिनिटभर पुरते. सोबत आलेल्या मुलाला नव्हे, तर त्या बाईलाच सांगायला हवे, शक्यतो नर्सताई किंवा महिला डॉक्टरांनी. पुरुष माणसासमोर हा विषय निघाला की बाई मान खाली घालते आणि प्रश्न पोटातच राहतो.

तपासणीला जाताना, रिपोर्ट घेताना

पाळी सुरू असलेल्या स्त्रियांनी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात मॅमोग्राफी करावी, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नये, त्याचे कण चित्रात ठिपक्यांसारखे दिसू शकतात. जुने रिपोर्ट आणि फिल्म किंवा सीडी सोबत न्यावी. दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी तुलना केली की नवीन बदल लवकर कळतो.

रिपोर्ट हातात आल्यावर चार प्रश्न विचारावेत. माझा आकडा कोणता? माझे अक्षर कोणते? या अक्षरामुळे मला सोनोग्राफी किंवा दुसरी तपासणी हवी का? पुढची तपासणी कधी? आई, बहीण, मुलगी यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर ते न विचारताही सांगावे. अशा घरांत तपासणी लवकर आणि वेगळ्या पद्धतीने करावी लागते. चाळिशीच्या आतल्या, धोका जास्त नसलेल्या आणि तक्रार नसलेल्या स्त्रियांना मॅमोग्राफीची सहसा गरज नसते. तरुण वयात गाठ लागली, तर आधी सोनोग्राफी करतात.

काही लक्षणांत मात्र रिपोर्ट काय म्हणतो याची वाट पाहू नये. स्तनात किंवा काखेत नवीन गाठ, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्ताळ पाणी, कातडीला खळगा पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, एका स्तनाचा आकार बदलणे. गाठ दुखत नाही म्हणून साधी असेल, हा समज सर्वात घातक आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि न दुखणारे काहीही आपल्याकडे अंगावर काढले जाते.

निदान झालेच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनचा समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कॅन्सरसाठी ठेवलेल्या उद्दिष्टांत पहिले हेच आहे की, किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या दोन टप्प्यांत व्हावे. दुसरे, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे. ‘नॉर्मल’ ऐकून घरी गेलेल्या आणि वर्षभराने मोठी गाठ घेऊन परत आलेल्या बाईचे ते साठ दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात.

कपाटात साड्यांखाली ठेवलेली ती फाईल आज एकदा बाहेर काढावी. इंग्रजी येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, सुनेला वाचायला सांगावी. त्यात ‘डेन्स’ हा शब्द किंवा ‘सी’, ‘डी’ हे अक्षर दिसले, तर घाबरायचे कारण नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर ती ओळ बोट ठेवून दाखवावी आणि विचारावे, ‘‘डॉक्टर, हे माझ्यासाठी काय म्हणतंय?’’